एकोणीस फुटी होडी: देवबागच्या मुखावर ठरलेलं माप

भाच्याचा फोन आला तेव्हा त्याने मनातल्या मनात होडी घेऊन टाकली होती. "मामा, अठ्ठावीस फुटी गावता. डिझेल मशीन आतच बसयलेला आसा. साडेसा लाख मागता, पण पाचार येतलो."

"घेव नको," मी म्हटलं. "आधी मी येवन बघतंय."

मी मालवणात फायबरच्या होड्या दुरुस्त करतो. बावीस वर्षं झाली. जुनी होडी घेणारा माणूस बहुतेक वेळा व्यवहार झाल्यावर माझ्याकडे येतो, तेव्हा बोलण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. हा मुलगा घरचा होता आणि पैसे अजून खिशातच होते. म्हणून या एका व्यवहाराची मी सुरुवातीपासून वहीत नोंद ठेवली. "किती फुटी घेव?" हा प्रश्न मला आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतो, आणि एका आकड्यात त्याचं उत्तर देणं किती चुकीचं आहे ते मला या वेळी नीट कळलं.

भाचा एकतीस वर्षांचा. सात वर्षं पुण्यात हॉटेलात नोकरी करून देवबागला परतला. घर खाडीच्या बाजूला, पाहुण्यांसाठी दोन खोल्या काढलेल्या. त्याच्या डोक्यातलं काम असं: पावसाळ्यातली मासेमारीबंदी उठली की मेपर्यंत पहाटे जायचं आणि दुपारच्या आत परतायचं. बांगड्या-पेडव्याचं जाळं, मुडदुशी आणि तांबोशीसाठी गरवणं, थंडीत सुरमईसाठी होडी चालती ठेवून मागे गरी ओढणं. थोडी मासळी घरच्या पाहुण्यांना, बाकीची मालवणच्या बाजारात. सोबतीला शेजारचा एक मुलगा. तिसरा माणूस म्हणजे माझे भावोजी, वय त्रेसष्ट. पाण्याची जाण पुरेपूर, पण गुडघे गेलेले. होडी, मशीन, जाळी, नांगर, जॅकेटं असं सगळं धरून पैसे साडेतीन लाख.

म्हणजे पाच लाखांची होडी बजेटमध्ये बसतच नव्हती. वरचे पैसे कर्ज काढून उभे करतो असं तो म्हणत होता. पण पैशाची अडचण मी मुद्दाम बाजूला ठेवली. नुसत्या पैशावर नाही म्हटलं असतं, तर त्याच्या मनात ती होडी कायमची राहिली असती.

मुख

देवबाग म्हणजे समुद्र आणि कर्ली नदी यांच्यामध्ये लांबलेली वाळूची चिंचोळी पट्टी. पश्चिमेला दर्या, पूर्वेला खाडी, आणि टोकाला, भोगव्याच्या समोर, संगम. होड्या खाडीत सुरक्षित राहतात, पण समुद्रात जायचं तर मुख ओलांडावं लागतं. जाताना एकदा, येताना एकदा. जातानाचं मुख सहसा त्रास देत नाही. पहाटे मतलई वारा जमिनीकडून येत असतो, पाणी सपाट असतं, होडी हलकी असते आणि माणसं ताजी असतात. परतताना हे सगळं उलटं होतं.

मुखावर वाळू साचते, तिचा आकार दर पावसाळ्यानंतर बदलतो आणि मधून एक खोल वाट राहते. ओहोटीला नदीचं पाणी जोराने बाहेर पडतं. बाहेरून येणारी लाट त्याला समोरून भिडली की आखूड होते, उभी राहते आणि फुटते. पाण्याच्या खोलीच्या साधारण पाऊण पट उंचीला लाट पोचली की ती मोडते. चार फूट पाण्यात तीन फुटांची लाट फुटणारच. त्यातच फेब्रुवारीपासून दुपारचा वायव्येचा खारा वारा जोर धरतो. आणि एक गोष्ट पुण्या-मुंबईहून परतलेल्या मुलांना माहीत नसते. वारा अजिबात नसतानाही मुखावर लाटा फुटू शकतात. दूर दक्षिणेच्या महासागरात उठलेली लांब पल्ल्याची लाट इथवर येते. भर समुद्रात ती जाणवतही नाही, उथळ वाळूवर आली की उभी राहते. म्हणून हैदराबादच्या इन्कॉइस या सरकारी सागरी माहिती केंद्राचा रोजचा अंदाज बघताना लाटेच्या उंचीबरोबर दोन लाटांमधले सेकंदही बघायचे. उंची कमी आणि सेकंद चौदा-पंधराच्या वर, असं दिसलं की मुखाची काळजी करायची.

वेळेचा हिशेब भावोजींनी मांडला. आमच्याकडचा जुनाच आडाखा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची ढोबळ वेळ मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे बाराच्या सुमाराला सुकती, पाणी सर्वात खाली. पुनवेला सव्वाअकराला भरती, म्हणजे दोन-अडीचला ओहोटी ऐन ओढीत. भाच्याची परतायची वेळ दुपारची. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या दिवसांत त्याला पाणी कमी मिळणार, पण ओढ मंद. उधाणाच्या, म्हणजे पुनव-अमावास्येच्या दिवसांत थोडा जरी उशीर झाला तरी ओहोटीची सगळी ओढ आणि खारा वारा एकाच वेळी वाट्याला. महिन्यातून दोनदा ठरलेली ही गाठ आहे. होडीचं माप त्या गाठीवर ठरवायचं, असं आम्ही त्या दिवशी पडवीत बसून ठरवलं. मासळी कुठे जास्त मिळते हा प्रश्न त्यानंतरचा.

दुसऱ्या दिवसापासून आम्ही खुणा केलेला बांबू घेऊन वाट मोजली. अष्टमीच्या सुकतीला सर्वात उथळ जागी पाच फूट. अमावास्येच्या सुकतीला साडेतीन. लाट आली की तिच्या खळग्यात पाणी आणखी फूटभर कमी होतं, म्हणजे दोन फुटांच्या लाटेत अडीच फूट पाणी धरून चालायचं.

अठ्ठावीस फुटीचा निकाल तिथेच लागला. भरलेली असताना तिचा पंखा पाण्याखाली पावणेतीन फूट जातो आणि तो वर उचलता येत नाही. ऐन लाटेत पंखा वाळूला लागला की होडी आडवी होते, आणि दोन टनांची आडवी होडी कोणी सरळ करू शकत नाही.

तिची बाकीची गणितंही भाच्याच्या घराला जुळत नव्हती. ती होडी चार माणसांची. आमच्याकडे वाटे होडीचे, मशीनचे, जाळ्याचे आणि माणसांचे पडतात. माणसं वाढली की घरात येणारा वाटा कमी होतो, आणि रोज पहाटे चार माणसं मिळणं ही आज देवबागात सोपी गोष्ट नाही. भावोजींनी त्याला एवढंच विचारलं, "तुका रोज चार माणसा गावतली काय?" तो गप्प बसला. शिवाय १ जूनच्या आत होडी वर घ्यावीच लागते, आणि अठ्ठावीस फुटी त्याच्या माडांच्या गल्लीत वळतच नव्हती.

माझं चुकलेलं उत्तर

अठ्ठावीस फुटी गेल्यावर मी एकदम दुसऱ्या टोकाला गेलो. माझ्या ओळखीत एक सोळा फुटी होती. साडेचार फूट रुंद, ९.९ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन, एक लाख साठ हजार. हलकी, दोन माणसांनी ओढता येणारी, पेट्रोल कमी. खाडीत गरवायला तिच्यासारखी होडी नाही. मी म्हटलं, हीच घे, दोन वर्षांनी मोठी बघू.

भावोजी माझ्याशी सहसा वाद घालत नाहीत. त्या दिवशी म्हणाले, "तुमी भरलेली होडी बघा. रिकामी सगळ्यांचीच बरी दिसता."

मग आम्ही ती भरली. दोन माणसं, ओलं जाळं, बर्फाची पेटी, पेट्रोल, नांगर आणि बऱ्या दिवसाची मासळी मिळून चारशे किलोचा अंदाज धरला. वीस लिटरचे वीस कॅन पाण्याने भरून खाडीतल्या स्थिर पाण्यात होडीत मांडले. मागच्या फळीला जिथे मशीन लटकतं तिथे काठापासून पाण्यापर्यंत पट्टीने मोजलं. रिकामी असताना दहा इंच. भरल्यावर साडेपाच.

साडेपाच इंच म्हणजे मागून येणारी कुठलीही फुटकी लाट थेट होडीत.

एवढं कमी कसं, म्हणून फळी नीट बघितली तर ती कापलेली होती. बाहेर लावायच्या लहान मशीनचे पाय बहुतेक दोन मापांचे येतात, पंधरा इंची आणि वीस इंची. होडीची फळी त्या मापाची असावी लागते. ही फळी मुळात वीस इंचांची होती. मधल्या कुठल्यातरी मालकाला आखूड पायाचं मशीन स्वस्तात मिळालं आणि त्याने मशीन बदलण्याऐवजी फळी पाच इंच कापली. पंखा पाण्यात आला, होडी चालली, आणि समुद्राला आत यायला दार मिळालं. होडी मी दोनदा बघितली होती. कापल्यावर वरून फायबर मारून रंग दिला होता, त्यामुळे माझ्या नजरेतून ते सुटलं. याची मला आजही खंत वाटते, कारण त्या कापाबद्दल लोकांना सावध करणं हे माझंच काम.

लांबी, रुंदी आणि पोट

कॅनच्या प्रयोगाने आणखी एक गोष्ट दाखवली. होडीचं माप लोक फुटात सांगतात, म्हणून सोळा आणि एकवीस यांत पाचच फुटांचा फरक वाटतो. पण त्याच घडणीची होडी लांबीबरोबर रुंदीत आणि उंचीतही वाढते. सोळाची एकवीस झाली की तिचं पोट सव्वादोन पट होतं. एकवीसची अठ्ठावीस झाली की पुन्हा जवळजवळ तेवढंच. किंमत, वजन, ओढायला लागणारी माणसं, सगळं या पोटाच्या मागे जातं.

आणि वजन पेलते ती पाण्यावर टेकलेली जागा. सोळा फुटी साडेचार इंच खाली गेली तेच चारशे किलो एकवीस फुटीवर ठेवले तर ती पावणेतीन इंचच बसते. पण एकोणीस फुटी होडी थोडी जास्त रुंद असेल, तर तीही पावणेतीन-तीन इंचांवर थांबते. म्हणजे दोन फूट लांबी सोडून तीन इंच रुंदी घेतली तर वजन पेलण्यात फारसं काही जात नाही, आणि मुखावर वळायला आखूड होडी बरी. लांब, निमुळती होडी समोरच्या लाटेत छान चालते. पण मागून लाट आली की नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, पुढच्या लाटेत रुतते, मागचा भाग उचलला जातो आणि होडी बाजूला फिरू लागते. देवबागच्या माणसाचा कस परतताना लागतो, म्हणजे मागून येणाऱ्या लाटेत.

किती माणसं बसतील याचं एक ढोबळ सूत्रही चालतं: लांबी आणि रुंदी फुटात घेऊन गुणाकार करा आणि पंधराने भागा. सोळा फुटीला ते जवळजवळ पाच माणसं सांगतं. त्या सूत्रात ओलं जाळं नाही, बर्फ नाही आणि मुख नाही. मासेमारीच्या होडीला मी ते वापरत नाही.

एकवीस फुटी, जिच्यावरून भांडण झालं

तिसरी होडी एकवीस फुटी, साडेपाच फूट रुंद, पूर्ण वीस इंची फळी, वीस हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन. मागणी दोन लाख नव्वद. कागदपत्रं चोख, मालक सरळ माणूस. भाचा तिच्या प्रेमात पडला आणि मलाही ती आवडली. एका सकाळी आम्ही तिच्यातून निवतीच्या खडकांपर्यंत जाऊन आलो. मुखापासून साधारण दहा किलोमीटर, तासाभराची वाट. दीपगृहाच्या आसपास सुरमईसाठी गरी ओढली, दोन मिळाल्या. भाचा म्हणाला, इथवर यायला अठ्ठावीस फुटी कशाला हवी होती? तो स्वतःहून ते म्हणाला याचा मला आनंद झाला.

पण येताना होडी मला जड लागली. वीस हॉर्सपॉवरला जेवढी धाव घ्यायला हवी तेवढी ती घेत नव्हती. लाटेवर चढताना नाळ उशिरा उठत होती. अशी होडी हाताला कळते, कारण मात्र शोधावं लागतं.

आम्ही ती टेम्पोवर चढवून वजनकाट्यावर नेली. टेम्पो रिकामा आणि भरलेला, दोन पावत्या. मशीन काढून होडी सहाशे साठ किलो. या घडणीच्या एकवीस फुटीचं वजन माझ्या अनुभवाने साडेचारशेच्या आत असायला हवं. वरचे दोनशे किलो कुठून आले?

लाकडी हातोडीने ठोकत तळ तपासला. चांगलं फायबर टणटण वाजतं. जिथे थर सुटलेत किंवा आत पाणी आहे तिथे आवाज बसका येतो, ओल्या मडक्यासारखा. वरची लादी आणि तळ यांच्यामधल्या फोमच्या भागात मागून जवळजवळ अर्ध्या होडीपर्यंत आवाज बसका होता. मालकाच्या परवानगीने सर्वात खालच्या कोपऱ्यात लहानसं भोक पाडलं. तपकिरी खारं पाणी आलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळीही ठिबकत होतं. मालकालाही हे ठाऊक नव्हतं. शिवाय तळाला जुन्या दुरुस्त्यांचे दोन जादा थर होते. दर पावसाळ्यात भेग बुजवायला कोणीतरी नवा थर चढवतो, जुना कोणी खरवडत नाही.

दोनशे किलो म्हणजे जवळजवळ तीन माणसं. ती होडीतून कधी उतरत नाहीत, हात लावत नाहीत, आणि पेट्रोल मात्र रोज जाळतात.

मालक साठ हजार कमी करायला तयार झाला. भाचा लगेच म्हणाला, घेऊया. "मामा, माप बरोबर आसताना सोडूचा कित्याक? फोम तू काढशीत."

काढला असता. लादी कापायची, ओला फोम उपसायचा, तळातल्या लाकडी पट्ट्या सुकतायत की कुजल्यात ते बघायचं, मग नवा फोम आणि नवी लादी. काम माझ्याच कारखान्यात आलं असतं. म्हणूनच हो म्हणताना मी दहा वेळा विचार केला. उघडल्याशिवाय खर्च सांगता येत नाही, आणि पट्ट्या कुजलेल्या निघाल्या तर होडीची कंबरच गेलेली असते. साठ हजारांच्या सवलतीत तेवढा धोका बसत नव्हता. मी त्याला म्हटलं, "माप बरोबर आसा, पण ता रिकाम्या होडयेचा. ही होडी कायम भरलेली आसा."

तो चार दिवस माझ्याशी बोलला नाही. बहिणीचाही फोन आला, की अरे, मुलगा हिरमुसलाय. मार्च संपत आला होता आणि हाताशी दुसरी होडी नव्हती. माझी एवढीच भूमिका होती की योग्य मापाची होडी आज मिळाली नाही म्हणून चुकीची घ्यायची नाही. जुनी होडी घ्यायची वेळ मेचा दुसरा पंधरवडा. तेव्हा प्रत्येक मालकापुढे एकच प्रश्न असतो, की बंदीच्या आत होडी वर काढायची, झाकायची, मशीन धुऊन ठेवायचं. ज्याला विकायचीच आहे तो हे सगळं टाळण्यासाठी किंमत सोडतो.

आचऱ्याची एकोणीस फुटी

२० मेच्या सुमाराला आचऱ्याहून निरोप आला. एकोणीस फूट लांब, पाच फूट नऊ इंच रुंद, पाच वर्षांची होडी. पंधरा हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक मशीन, लांब पायाचं. मालक मोठी होडी बांधत होता. मागणी दोन लाख साठ.

या वेळी कॅन आम्ही बरोबरच नेले. रिकामी असताना फळीपाशी साडेतेरा इंच, चारशे किलो टाकल्यावर पावणेअकरा. मग आम्ही तिघे एकाच बाजूच्या काठावर बसलो. होडी कलली, पण एका जागी थांबली. रुंदीचा हा फायदा आकड्यात सांगता येत नाही, पायाखाली कळतो.

तळ सगळीकडे वाजला. वजन चारशे चाळीस. मागच्या फळीची परीक्षा मी नेहमी मशीन लावूनच घेतो: मशीनचा पाय वर करून हाताने जोरात खाली-वर दाबायचा आणि नजर फळीच्या आतल्या बाजूला ठेवायची. आतलं प्लायवूड कुजलं असेल तर फळी श्वास घेतल्यासारखी हलते. ही हलली नाही, पण बोल्टच्या एका भोकाशी ओल होती. तिथे सील गेलं होतं आणि पाणी आत शिरायला नुकती सुरुवात झाली होती. ते मी मालकाला दाखवलं. मशीनच्या गिअरचं तेल सोडून बघितलं, दुधाळ नव्हतं, म्हणजे खाली पाणी शिरलेलं नाही. सुरू केल्यावर थंड करायच्या पाण्याची धार सलग येत होती. दोन्ही सिलिंडरची दाब-तपासणी केली, दोघांचा आकडा जवळपास सारखा.

कागदपत्रांचा भाग थोडक्यात सांगतो, पण तो वगळू नका. होडीवर रंगवलेला नोंदणी क्रमांक आणि पुस्तकातला क्रमांक एक आहे का, महाराष्ट्राच्या १९८१ च्या सागरी मासेमारी कायद्याखालचा परवाना चालू आहे का, मशीनचा नंबर कागदाशी जुळतो का, आणि होडीवर कर्ज नाही ना. नाव आपल्यावर चढेपर्यंत पूर्ण पैसे द्यायचे नाहीत.

दोन लाख पस्तीस हजारांत व्यवहार झाला. उरलेल्या पैशांत जाळी, तीन चांगली लाइफ जॅकेटं, दोन नांगर, एक जोडी वल्ही, जादा स्पार्क प्लग आणि नांगराची साठ मीटर दोरी. दोरी एवढी लांब कशाला, असं भाच्याने विचारलं. खोलीच्या निदान पाचपट दोरी सोडली तरच नांगर आडवा ओढला जाऊन धरतो. आखूड दोरीवर तो उभा ओढला जातो आणि सुटतो. ही दोरी पुढे उपयोगी पडली. पावसाळ्यात मी फळीचं ते भोक मोठं करून सुकवलं, रेझिनने भरलं आणि बोल्ट नव्याने बसवले.

पहिला हंगाम

नारळी पुनवेला नारळ दिल्यावर दर्या निवळण्याची वाट बघत होडी पाण्यात गेली. निम्म्या वेगाने भरलेली होडी सहा नॉटच्या, म्हणजे ताशी अकरा किलोमीटरच्या आसपास चालते आणि तासाला तीनेक लिटर पेट्रोल घेते. एवढ्या लांबीची होडी साधारण याच वेगाला स्वतःच्या लाटेत अडकते. त्याहून जोरात न्यायची तर पेट्रोल भसाभस जातं आणि मिळतं थोडंच, हे भाच्याने आठवड्याभरात स्वतःच ताडलं.

डिसेंबरातल्या पुनवेला जाळं खडकात अडकलं. ते सोडवण्यात दीड तास गेला आणि होडी मुखाशी पोचली तेव्हा दुपारचे पावणेदोन वाजले होते. नेमकी ती गाठ. ओहोटी ओढत होती, वारा लागला होता आणि वाटेवर पांढरं दिसत होतं. होडीत तिघे होते. शेजारचा मुलगा म्हणाला, लाटांच्या मधून काढूया. भावोजींनी नाही म्हटलं. चार वाव (एक वाव म्हणजे साधारण सहा फूट) पाण्यात नांगर टाकला, दोरी भरपूर सोडली, नाळ वाऱ्याकडे झाली आणि होडी तिथे थांबली. भाच्याने मला फोन केला. मी किनारी पोलिसांचा १०९३ आणि तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन नंबर त्याच्याकडून म्हणवून घेतले आणि मोटरसायकल काढली.

सव्वातीन तास ते तिथे होते. बहीण खाडीच्या काठावर उभी होती, मी तिच्या शेजारी. लांबून होडी वर-खाली होताना दिसायची, मधेच दिसेनाशी व्हायची. काठावरून तुषार येत होते तेवढंच, उपसण्यासारखं पाणी आत आलं नाही. पाचच्या सुमाराला वारा पडला, ओहोटीची ओढ संपली. सुकतीचं पाणी, वाटेत साडेतीन फूट. मशीनचा पाय थोडा वर घेऊन, तीन लाटा जाऊ देऊन, चौथ्याच्या पाठीवर ते आत आले. अंधार पडायला तासभर बाकी होता.

मी त्या रात्री सोळा फुटीचे साडेपाच इंच पुन्हा पुन्हा मोजत होतो. त्या होडीत त्यांना सव्वातीन तास थांबता आलं नसतं.

एकोणीस फुटीने सगळंच दिलं असं नाही. जानेवारीत बाहेर वीस-बावीस वाव पाण्यात मोठ्या होड्यांना तांबोशी चांगली मिळाली. भाचा तिथे गेला नाही. तेवढं अंतर पेट्रोलवर जाऊन दुपारच्या आत परतणं या होडीला जमणारं नव्हतं. "अठ्ठावीस फुटी असती तर मी पण थय असतंय," तो म्हणाला, आणि ते खरं आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये अकरा वाजताच वारा सुटायचा, त्यामुळे कित्येक दिवस तो खाडीतच गरवत राहिला. मालवणच्या समुद्रात १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. किल्ल्याच्या भागातल्या मर्यादा सांभाळून तो नेहमी दक्षिणेकडेच जातो, त्यामुळे त्याचं पाणी तसंही मर्यादित आहे.

मला वाटणारी अडचण वेगळीच निघाली. शेजारच्या मुलाला बोटीवर नोकरी लागली, ऑक्टोबरात तो जाणार. मग राहतील भाचा आणि भावोजी. समुद्रात दोघे पुरतात, जाळं कमी घ्यायचं. पण गेल्या मेअखेर चारशे चाळीस किलोची होडी गोल ओंडक्यांवरून वर घ्यायला सहा माणसं लागली होती, आणि या वर्षी ती कुठून आणायची हे अजून ठरलेलं नाही. मी त्याला माडाला बांधायची हाताने फिरवायची रहाट करून देतोय. मशीन उतरवलं की त्याच दिवशी फळीच्या त्या भोकापाशी पुन्हा हातोडीने ठोकून बघणार आहे. गेल्या वर्षी भरलेली जागा कोरडी राहिली की नाही, ते आवाजच सांगेल.